तार बोलते तोवर

वायरमनच्या मल्टिमीटरचं मागचं झाकण काढलं की आत एक सेल दिसतो. किराणा दुकानात मिळतो तसाच. त्याच्या पोटातली काळी पूड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेनं १८६६ मध्ये जस्त आणि ही पूड वापरून विजेचा घट तयार केला. आपल्या साध्या सेलचं घराणं तिथून सुरू होतं. भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीच्या माणसाला ही पूड परकी नाही. जवळच्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून जे मँगनीज निघतं, त्यातला डायऑक्साइडचा माल सेल बनवणाऱ्यांच्या कामाचा असतो. मॉइल या खाण कंपनीनं डोंगरी बुजुर्गलाच विजेच्या मदतीनं शुद्ध डायऑक्साइड काढणारा कारखानाही घातला आहे. तेव्हा तुमसर तालुक्यातल्या एखाद्या पॅनेलपुढे उभ्या असलेल्या वायरमननं मीटरची दोन टोकं दोन टर्मिनलांना लावली आणि मीटर ‘पीं’ करून वाजला, तर त्या आवाजामागे याच टेकडीतली चिमूटभर माती असेलही.

तो ‘पीं’ म्हणजे काय? इथून निघालेला करंट तिथे पोचून परत आला. तार अखंड आहे. सकाळी कामाला लागताना कानावर पडावा असा हा निरोप आहे, आणि आज बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल. खरं तर तो वाजला नाही तर काय समजायचं, त्याबद्दल.

भंडारा जिल्हा धानाचा. धान पिकतं तिथे राइस मिल आली आणि मिल आली तिथे आता पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरही आली आहे. पूर्वी पॅनेलचं दार उघडलं की रिले आणि टायमरची रांगच्या रांग खटखट करताना दिसायची. आता त्या जागी हाताच्या पंजाएवढा एक डबा बसतो, वर टर्मिनलांची एक पट्टी, खाली एक. एका पट्टीवर बातम्या येतात: हे बटन दाबलं गेलं, तो एलिव्हेटर फिरतो आहे, धानाची कोठी भरली. दुसऱ्या पट्टीवरून हुकूम जातात: ही मोटर चालू कर, तो व्हॉल्व्ह उघड, भोंगा वाजव. येणारी पट्टी इनपुट, जाणारी आउटपुट. मधल्या डब्यात काय चालतं ते प्रोग्रॅम लिहिणारा जाणे. वायरमनचं राज्य या दोन पट्ट्यांवर.

हा डबा जन्मला तो मोटारींच्या कारखान्यात. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सला रिलेंच्या त्या जंगलातून सुटका हवी होती. गाडीचं मॉडेल बदललं की अख्ख्या पॅनेलांचं नव्यानं वायरिंग करावं लागे. डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र पुढे आणलं त्याचं नाव मॉडिकॉन ०८४. त्यांनी एक शहाणपणा केला. प्रोग्रॅमची भाषा त्यांनी रिलेच्या जुन्या शिडीसारख्या नकाशावरच बेतली, म्हणजे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी. यंत्र नवं आणि अक्षरं ओळखीची.

इनपुटचं टर्मिनल दिसायला साधा स्क्रू. त्याला बहुतेक ठिकाणी २४ व्होल्टचा डीसी सप्लाय लागतो. हात लागला तरी सहसा झटका जाणवत नाही, इतका मवाळ. नवशिक्याला वाटतं, बटनाची एक तार आणून स्क्रूला कसली की झालं. तसं होत नाही. करंटला जायची वाट लागते तशी यायचीही लागते, आणि ती परतीची वाट ‘कॉमन’ नावाच्या टर्मिनलातून जाते. सेन्सर कुठल्या जातीचा यावर त्या वाटेची दिशा ठरते. पीएनपी जातीचा सेन्सर इनपुटला व्होल्टेज आणून देतो, एनपीएन जातीचा तिथून करंट ओढून घेतो. कॉमन चुकीच्या बाजूला बांधला तर सेन्सरचा स्वतःचा दिवा लागतो, पीएलसीचा लागत नाही. सेन्सर म्हणतो मी पाहिलं. पीएलसी म्हणते मला कुणी सांगितलं नाही. दोघंही खरं बोलत असतात.

याहून चकवणारा एक प्रकार आहे. सेन्सरला एका पॉवर सप्लायवरून वीज, पीएलसीला दुसऱ्या. मीटर लावून पाहावं तर दोन्हीकडे चोख २४ व्होल्ट. तरी इनपुट येत नाही. कारण दोघांचे शून्य एकमेकांना जोडलेले नाहीत. चोवीस व्होल्ट म्हणजे कशापासून चोवीस, हे ठरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. दोन शून्यांमध्ये तारेचा वीतभर तुकडा टाकला की सगळं चालू होतं. माणसामाणसांतली कित्येक भांडणं मला या जातीची वाटतात: दोघांचे आकडे बरोबर, मोजायला सुरुवात कुठून केली ते तेवढं वेगळं.

आउटपुटच्या बाजूला आणखी गंमत आहे. वीस अश्वशक्तीची मोटर पीएलसी फिरवते असं आपण म्हणतो. तिच्या आउटपुटच्या टर्मिनलमध्ये मात्र तेवढा जीव नसतो. ट्रान्झिस्टरचं आउटपुट अर्ध्याएक अँपिअरचं, रिलेचं दोनेक अँपिअरचं. म्हणून पीएलसी एका छोट्या रिलेला सांगते, तो रिले कॉन्टॅक्टर नावाच्या मोठ्या स्विचच्या कॉइलला, कॉन्टॅक्टर ओढला की मोटरला वीज. शिवाय कॉइलची खोड अशी, की सोडताना ती उलट्या व्होल्टेजचा तडाखा देते. म्हणून डीसी कॉइलवर उलटा डायोड बसवतात, नाहीतर आउटपुट थोड्याच दिवसांत मरतं.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. आउटपुटचा दिवा लागला म्हणजे मोटर फिरली का? नाही. दिव्याचा अर्थ इतकाच, की हुकूम निघाला. मध्ये फ्यूज गेला असेल, ओव्हरलोड पडला असेल, कॉन्टॅक्टर चिकटला असेल. म्हणून जाणता वायरमन कॉन्टॅक्टरच्या अंगावरचा एक जादा कॉन्टॅक्ट घेतो आणि त्याची तार परत इनपुटच्या पट्टीवर आणून कसतो. मग पीएलसी हुकूम देते आणि वाट पाहते. ठरलेल्या वेळात ‘ओढला’ असा निरोप आला नाही तर ती फॉल्ट दाखवते. एवढ्या एका तारेचा खर्च वाचवलेली पॅनेलं पुष्कळ दिसतात. त्या पॅनेलांच्या पडद्यावर मोटर हिरवी असते आणि खाली एलिव्हेटर धानानं गच्च होऊन उभा असतो. आदेश निघाला म्हणजे काम झालं, हे समजण्याची सवय फक्त यंत्रांची नाही.

आता थांबवण्याच्या बटनाकडे येऊ. चालू करायचं बटन हिरवं. ते दाबलं की दोन टोकं जुळतात, करंट वाहतो, पीएलसीला कळतं. बंद करायचं बटन लाल. ते दाबल्यावर काय होतं? बहुतेक जण सांगतील, तसंच. तेही टोकं जुळवतं आणि पीएलसीला ‘थांब’ असं कळवतं. तसं वायरिंग करताही येतं, आणि चालवून पाहिलं तर चालतंही. दहा वेळा दाबा, दहा वेळा मशीन थांबेल.

एका मिलच्या पॅनेलवर एक वयस्क वायरमन आणि आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला त्याचा मदतनीस काम करत होते. मुलगा फेरूलचे नंबर तारेवर चढवत होता. त्यानं विचारलं, “काकाजी, लाल बटन दाबल्यावर करंट येते का जाते?”

“जाते.”

“येनारा ठेवला तं?”

“येनाऱ्यावर भरोसा नाई ठेवाचा. उंदरानं तार कुरतडली तं येनारा येनारच नाई. जानारा मातर जाते.”

दोन-तीन वाक्यांत त्यानं सगळं शास्त्र सांगून टाकलं. लाल बटनाची टोकं मुळात जुळलेलीच असतात. एनसी, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, म्हणतात त्याला. त्यातून सदोदित करंट वाहत असतो, इनपुटचा दिवा सदोदित लागलेला असतो, आणि तो पीएलसीला अखंड एकच गोष्ट सांगत असतो: चालू दे, चालू दे, चालू दे. बटन दाबलं की हे बोलणं तुटतं. तुटलं की मशीन थांबते. मग ते बोटानं तुटलं, उंदरानं तुटलं, स्क्रू सैल होऊन तुटलं की पॉवर सप्लाय गेल्यामुळे तुटलं, मशीन त्याची चौकशी करत बसत नाही. आधी थांबते, कारण मागाहून शोधा म्हणते. उलट वायरिंग केलेल्या बटनाची तार मधल्या मधे तुटून पडली तर कुणालाच कळत नाही. सगळं शांत, सगळं सुरळीत. ज्या दिवशी कुणाचा हात पट्ट्यात जाईल त्या दिवशी ते कळेल.

थांबवायचा निरोप मौनानं द्यायचा आणि चालू राहण्याची परवानगी मात्र क्षणाक्षणाला मागायची, ही युक्ती पीएलसीहून पुष्कळ जुनी आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांवरून नाकाडोंगरीच्या परिसरातल्या मँगनीजनं वर्षानुवर्षं प्रवास केला. त्याच रेल्वेच्या दुनियेत अमेरिकेच्या विल्यम रॉबिन्सननं १८७२ मध्ये ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. करंट रुळांतून वाहतो तोवर रिले ओढलेला, आणि सिग्नल ‘जा’ म्हणतो. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, करंट मधूनच परततो, रिले पडतो, सिग्नल लाल. रूळ तुटला तरी लाल. बॅटरी संपली तरी लाल. भूमिगत खाणीत माणसांना वरखाली नेणाऱ्या वाइंडरचा ब्रेकही याच विचाराचा. ब्रेक लावायला ताकद लागत नाही. स्प्रिंग किंवा वजन तो लावूनच ठेवतं. ताकद लागते ती ब्रेक सोडवायला. वीज गेली की ब्रेक आपोआप बसतो. मँगनीजच्या, कोळशाच्या, कसल्याही खाणीत पिंजऱ्यातून खाली उतरणारा माणूस रोज या विचाराच्या भरवशावर उतरतो. त्याला तो ठाऊक असो वा नसो.

मोजमापाच्या तारांतही हेच सापडतं. उसना म्हणजे उकडा तांदूळ करायला धान भिजत घालतात, त्या टाकीतली पाण्याची पातळी पीएलसीला कळवायची आहे. पातळीचा करंट ४ ते २० मिलिअँपिअर असा ठेवतात. टाकी भरली की २०, रिकामी झाली की ४. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला प्रश्न पडतोच: रिकामी म्हणजे शून्य का नाही? कारण शून्य राखून ठेवलेला असतो. टाकी रिकामी असणं ही बातमी आहे. तार तुटलेली असणं म्हणजे बातमी येणंच बंद होणं. दोन्हींसाठी एकच आकडा ठेवला तर पीएलसी तुटलेल्या तारेला रिकामी टाकी समजेल आणि पंप चालवत सुटेल, पाणी काठावरून वाहत राहील. म्हणून करंट ३.६ मिलिअँपिअरच्या खाली गेला की पातळी मोजूच नये, तार तपासावी, असा दंडक आहे. ‘माझ्याकडे काही नाही’ हे सांगायलाही ४ मिलिअँपिअरचा जीव लागतो. मला या चाराच्या आकड्याचं फार कौतुक वाटतं. हलाखीतल्या माणसानं ‘चाललंय जेमतेम’ म्हणावं आणि एखाद्यानं काहीच म्हणू नये, यांत किती अंतर आहे ते तो दाखवतो.

आपण घरात मात्र उलटं वायरिंग करून ठेवतो. मुलगा पुण्याला कंपनीत, मुलगी नागपूरला. आईवडील इकडे गावात. काही झालं तर कळवतीलच, असं दोन्हीकडे म्हणतात. फोन आला नाही म्हणजे सगळं बरं आहे. म्हणजे संकटाच्या दिवशी तार जुळावी, आणि तोवर ती शाबूत आहे की नाही हे कुणी पाहूच नये. पण नेमका संकटाच्या दिवशीच फोन हातात धरायचं बळ नसतं. मोबाइलची बॅटरी उतरलेली असते. आणि न्हाणीघरात पाय घसरून पडलेली म्हातारी ‘कळवणार’ कशी?

गावात याची जुनी व्यवस्था होती आणि अजून थोडी उरली आहे. झुंजुमुंजू झालं की अंगणात शेणाचा सडा पडतो, दारात रांगोळीची चार बोटं ओढली जातात. समोरची बाई स्वतःचं अंगण झाडताना सहज तिकडे बघते. सडा ओला दिसला की तिच्या मनातही काही येत नाही. निरोप पोचलेला असतो. एखाद्या दिवशी अंगण कोरडं दिसलं की ती खराटा टाकून हाक मारते, “बाई, उठल्या नाई का जी आज?” म्हातारीनं बोलावलेलं नसतं. सडा पडला नाही एवढ्यावरून शेजारीण आलेली असते. एनसी कॉन्टॅक्ट म्हणजे हा सडा. सिमेंटच्या अंगणांनी आणि उशिरा उठणाऱ्या गल्ल्यांनी तो कॉन्टॅक्ट काढून टाकला, आणि त्या जागी काही बसवलं नाही. रोज सकाळी आईला दोन मिनिटांचा, काहीही न सांगणारा, ‘चहा झाला का’ एवढाच फोन करणाऱ्या मुलाला लोक हसतात. तो फोन चाराचा करंट आहे. त्यात मजकूर नसतो, म्हणूनच तो महत्त्वाचा.

जाणत्या वायरमनचा मात्र या सगळ्यातल्या बुद्धिमान डब्यावरही पुरता विश्वास नसतो, आणि तो नसावा असाच नियम आहे. आणीबाणीचं मोठं, मशरूमसारखं लाल बटन फक्त पीएलसीच्या इनपुटला नेऊन सोडत नाहीत. त्याची तार कॉन्टॅक्टरची वीज थेट तोडते, मधे डबा नाही, प्रोग्रॅम नाही. किंवा त्याच कामासाठी बनवलेल्या सेफ्टी रिलेतून जाते. साध्या पीएलसीला नुसतं कळवायचं: थांबवलं आहे, तू आता हुकूम देऊ नकोस. कारण डबा गोठू शकतो, आउटपुटचा कॉन्टॅक्ट चिकटू शकतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात चोविसावं कलम याच काळजीचं होतं: चालत्या यंत्राची शक्ती संकटात तोडता येईल असं साधन कामाच्या प्रत्येक खोलीत हवं. कायदा केला तेव्हा पीएलसी जगात नव्हती. पट्ट्यांवर चालणारी यंत्रं होती, आणि पट्ट्यात सापडणारी माणसं होती.

एवढं सगळं करूनही ही व्यवस्था हरवायला तारेचा दोन बोटं लांबीचा तुकडा पुरतो. रात्रपाळीला लाल बटनाची तार कुठेतरी तुटते. मशीन थांबते, अगदी तिनं थांबावं तशीच. पण बाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, मालक तीनदा फोन करून मोकळा झालेला असतो, आणि तुटलेली जागा पत्र्याच्या पाइपात आत कुठेतरी. मग कुणीतरी पॅनेल उघडतो आणि बटनाची दोन टर्मिनलं तारेच्या तुकड्यानं जोडून देतो. जंपर. सकाळी काढतो म्हणतो. सकाळी मशीन छान चालू असते, मग काढायचा कशाला? त्या क्षणापासून पीएलसीला अखंड ‘चालू दे’ ऐकू येत राहतं, आणि ते कुणीच म्हणत नसतं. तुटलेली तार निदान गप्प बसते. जंपर सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो, दिवसरात्र, कुणाच्याही बोटाची पर्वा न करता.

यंत्रं बनवणाऱ्यांनी त्यावरही डोकं चालवलं आहे. बटनातून एकाऐवजी दोन वेगळ्या वाटा नेतात आणि दोन्हींतून वेगवेगळ्या वेळी ठोके दिलेले करंट पाठवतात. या वाटेचा ठोका त्या वाटेत ऐकू आला तर तारा एकमेकांना चिकटल्या हे सेफ्टी रिलेला लगेच कळतं. केबल चेपली गेली, पाणी शिरलं, तर तो पकडतो. पण दोन्ही वाटांवर नीट वेगवेगळे जंपर टाकणाऱ्या माणसापुढे तोही काही करू शकत नाही. ती लबाडी उघडी पडायची एकच जागा आहे: मशीन रिकामी असताना बटन स्वतः दाबून बघणं आणि इनपुटचा दिवा विझतो का ते पाहणं. बऱ्याच कारखान्यांत पाळी सुरू होताना हे करायचं असतं, आणि त्याची एक वही भिंतीला टांगलेली असते. वहीत पुष्कळदा आठवड्याच्या सह्या एकाच शाईत, एकाच बैठकीत केलेल्या दिसतात. मघाचा तो वायरमन वही बघत नव्हता. त्यानं मुलाला खाली मशीनपाशी पाठवलं, स्वतः पॅनेलच्या दिव्यांसमोर उभा राहिला आणि ओरडला, “दाब!” मग, “सोड!” मग पुढच्या बटनाकडे जायला सांगितलं.